अस्तित्वात नसलेली पाळी

उत्तरांची छापील प्रत विधानसभेच्या सभागृहाच्या दाराशी हातात पडली, तेव्हा ती उभ्यानेच चहा पीत होती. कागद अजून कोमट होते. तिचा प्रश्न यादीत दुसरा होता. दुसरा म्हणजे पुकारला जाणारच. तळातले प्रश्न वेळ संपली की आपोआप गळतात, वरचे गळत नाहीत. क्रम चिठ्ठ्या टाकून ठरतो, आणि चिठ्ठीच्या बाबतीत तिचं नशीब आजवर बेताचंच होतं. निवडून आल्यापासून तिचा एकही प्रश्न इतका वर आला नव्हता. म्हणून तिने घाईने वाचला नाही. कप दुसऱ्या हातात घेतला, चष्मा पुसला आणि मग वाचला. सार्वजनिक रुग्णालयाच्या डायलिसिस कक्षात संध्याकाळच्या पाळीला डॉक्टर नसतो, हे खरे आहे काय. असल्यास, डॉक्टरची नेमणूक केव्हा करण्यात येणार आहे. नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत. समोर आरोग्यमंत्र्यांचं उत्तर होतं. हे खरे नाही. सदर कक्षात संध्याकाळची पाळी अस्तित्वात नाही. उर्वरित प्रश्न उद्भवत नाहीत.

तिने कप खिडकीच्या कडेवर ठेवला. गेल्याच आठवड्यात ती त्या पाळीत बसून आली होती. प्लास्टिकच्या निळ्या खुर्चीत, पाय पोटाशी घेऊन, कारण खालून पाण्याच्या नळ्या जात होत्या. दिवसपाळीचे डॉक्टर निघून गेले की त्या खोलीचा चेहरा बदलतो. मधले दिवे बंद होतात, भिंतीकडचे तेवढे राहतात. दिवसाचे रोगी नातेवाइकांचा हात धरून येतात; संध्याकाळचे कामावरून येतात, एकटे, खांद्याला पिशवी लावून. कापडाच्या दुकानातली विक्रेती येते. ती आधी चपला काढून सुजलेली पावलं बघते आणि मग वजनाच्या काट्यावर चढते. एक शाळामास्तर येतो. डाव्या हातात सुया आणि उजव्या हाताने मुलांचे पेपर तपासणं, असं त्याचं चार-चार तास चालतं. उत्तर फारच चुकलं असेल तर तो शेजारच्या पलंगाला ते मोठ्याने वाचून दाखवतो. आणि बसचालक. अंगात गणवेशाचा शर्ट तसाच, बाही दुमडलेली. दोन महिन्यांपूर्वी त्यानेच तिला अगदी सहज सांगितलं होतं, की ताई, संध्याकाळी इथे डॉक्टर नसतात, म्हणून आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलंय, संध्याकाळी मरायचं नाही. सगळे हसले होते. ती पण हसली होती. मग मास्तराने पेपरातून मान न काढता सांगितलं, की त्याच्या आदल्याच आठवड्यात विक्रेतीची सुई पांघरुणाखाली निसटली होती, आणि रक्ताची ओल लागून चादरीचा रंग बदलेपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. लक्षात आलं ते सिस्टरच्या. ही सिस्टर म्हणजे तिची स्वतःची नणंद.

त्याच रात्री तिने घरी जाऊन प्रश्न लिहिला होता. नणंदेला विचारलं नव्हतं. विचारायचं काय त्यात? पाळी आहे, डॉक्टर नाही, म्हणजे जागा रिकामी आहे; रिकामी जागा भरून मागायची असते. सरळ रेषा होती ती. आता त्या रेषेच्या टोकाशी छापून आलं होतं, की पाळीच नाही. तिला राग यायला हवा होता, पण आधी आलं ते एक विचित्र हलकेपण, पायरी आहे समजून पाऊल टाकावं आणि सपाट जमीन लागावी, तसं. निवडणुकीच्या भानगडीत पडण्याआधी ती पाण्याच्या प्रयोगशाळेत होती. शहराच्या नळांचं, विहिरींचं, टाक्यांचं पाणी बाटल्यांतून यायचं, आणि त्यात शिसं किती, क्षार किती, हे ती काढायची. पहिल्याच महिन्यात तिने एका नमुन्यापुढे ‘शिसे नाही’ असं लिहिलं, तेव्हा तिथल्या वयस्कर बाईंनी तो कागद परत पाठवला होता. त्या म्हणाल्या होत्या, नाही असं आपण कधी लिहीत नसतो बाळ, आपल्या यंत्राला दिसलं नाही एवढंच लिहितो. यंत्राची नजर किती ते आपल्याला ठाऊक असतं, पाण्याचं पोट नाही. मग तिथे होती तोवर ती ‘आढळले नाही’ असंच लिहीत राहिली. इथे मात्र कुणीतरी बिनदिक्कत ‘अस्तित्वात नाही’ लिहून मोकळं झालं होतं. तिला त्या लिहिणाऱ्याचा क्षणभर हेवा वाटला.

फोन वाजला. नणंदच होती. तिला ती वन्सं म्हणायची. दोघी एकाच वयाच्या, त्यामुळे लग्नानंतर पहिल्या दिवशी गंमत म्हणून म्हटलं होतं, ते चिकटलं ते चिकटलंच; आता रुग्णालयातले कर्मचारीसुद्धा पाठीमागे तिला वन्सं म्हणत. वन्संने आधी तिचं जेवण झालं का विचारलं. सकाळी कसलं जेवण, म्हणजे काहीतरी बिनसलं होतं.

“तुझा नंबर दुसरा आहे म्हणे.”

“हो. उत्तर आलंय. पाळी नाहीच म्हणतात.”

“बरोबर लिहिलंय,” वन्सं म्हणाली. “आज तू उठू नकोस, वहिनी.”

मग तिने सांगितलं, एका दमात, औषधाचा डोस समजावून सांगावा तसं. संध्याकाळच्या पाळीला मंजुरी कधी नव्हतीच. काही वर्षांपूर्वी एका फौंड्रीतल्या कामगाराला दिवसा सुटी मिळेना, आठवड्यातून तीनदा खाडा झाला तर नोकरी जाणार होती, म्हणून वन्संने एक यंत्र संध्याकाळी चालू ठेवलं. मग त्याने दुसऱ्याला सांगितलं. तंत्रज्ञ पोरगी भली होती, थांबायला तयार झाली. अधीक्षकांना माहीत होतं; ते हो म्हणाले नाहीत, नाही पण म्हणाले नाहीत, संध्याकाळचे रोगी दिवसाच्या आकड्यात घाला म्हणाले, त्यामुळे रुग्णालयाचं काम उठून दिसायला लागलं. सगळं सुरळीत चाललं होतं. मग वरून विचारणा आली, की एका सदस्येचा प्रश्न आहे, संध्याकाळच्या पाळीची माहिती पाठवा. अधीक्षकांनी दार लावून घेतलं आणि वन्संला सांगितलं, की मी अशी पाळी नाही असं लिहून देतो आहे. पुढे काही निघालं तर ते तुम्ही परस्पर केलंत, मला ठाऊक नव्हतं.

“तू उभी राहिलीस की ते चौकशी लावतील. चौकशी म्हणजे आधी कुलूप, मग बाकीचं. माझं जे व्हायचं ते होऊ दे. पण उद्या संध्याकाळी ही माणसं कुठे जातील ते सांग मला.”

 तिने विचारलं, हे मला आधी का सांगितलं नाहीस.

“तू विचारलंस कुठे?” वन्संच्या आवाजात टोमणा नव्हता, नुसता थकवा होता. “साऱ्या जगाला प्रश्न विचारतेस तू. मला म्हटलं असतंस, वन्सं, ही पाळी कुणाची? मी सांगितलं असतं.”

आत घंटा झाली. लोक कप ठेवून दाराकडे निघाले. ती पण निघाली, आणि चालताना तिला कळेना की आपण आत्ता जो निरोप घेतला तो कुठल्या शब्दांत घेतला. आपली जागा सापडली, मेजाचं झाकण उघडून कागद आत ठेवले, परत बाहेर काढले. लग्न होऊन ती त्या घरात आली तेव्हा तीन खोल्यांत पाच माणसं होती, आणि मधल्या खोलीत ती आणि वन्सं. वन्संचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष होतं. परीक्षेच्या दिवसांत वन्सं डोळे मिटून भिंतीला टेकून बसायची आणि ती पुस्तक धरून प्रश्न विचारायची. मनगटात हाडं किती, नाडी बुडत चालली तर आधी काय, नंतर काय. चुकलं की वन्सं डोळे उघडून म्हणायची, पुन्हा विचार, तसंच विचार, शब्द बदलू नकोस. पहिल्या वर्षातली त्या घरातली तिची सगळी ओळख त्या प्रश्नांतून झाली होती. नवरा जमीन मोजणीच्या कामावर गावोगाव फिरायचा, पंधरा दिवसांनी यायचा आणि दाराशीच विचारायचा, आज वाद कशावर आहे ते सांगा, म्हणजे माझी खुर्ची कुठे मांडायची ते मला कळेल. वाद असे फारसे झालेच नव्हते. ती निवडणुकीला उभी राहिली तेव्हा वन्सं रजा टाकून, पांढरे बूट घालून गल्ल्यागल्ल्यांतून हिंडली होती. दार उघडलं की ती सांगायची, ही माझी वहिनी, हिला पाण्यातलं विष दिसतं, हिला निवडून द्या. बायका हसायच्या आणि आपल्या नळाचं पाणी पेल्यात घेऊन यायच्या, बघ म्हणायच्या. त्या पेल्यांत तिला कधी काही दिसलं नव्हतं. डोळ्यांना दिसत नाहीच ते.

शेजारच्या आसनावर आजोबा येऊन बसले. सगळ्यात जुने सदस्य. सभागृहात त्यांना सगळे आजोबा म्हणायचे, विरोधकही. त्यांनी तिच्याकडे एक नजर टाकली आणि खिशातून पेपरमिंटची डबी काढून पुढे केली. मग तिच्या पुढ्यातला कागद वाचला, दोनदा. तिने त्यांना थोडक्यात सांगितलं. नावं सांगितली नाहीत, नातंही नाही. ते म्हणाले, अशा वेळी गुडघा कामाला येतो, नंबर पुकारला की दुखतोय म्हणून गुडघा धरून बसून राहायचं, मी बत्तीस वर्षांत चारदा धरलाय, माझा गुडघा ठणठणीत आहे.

“आणि मग?”

“मग काय, छापील उत्तर पटलावर राहतं. कुणी वाचत नाही. सगळे जिवंत.”

पहिला प्रश्न बसथांब्यांच्या छपरांवर होता. छपरं मंजूर होती, खांब आले होते, पत्रे आले नव्हते. त्यावर बराच वेळ गेला. तिला शब्द ऐकू येत होते, पण काचेपलीकडून आल्यासारखे. समोरच्या मेजावरच्या ध्वनिवर्धकाचा तांबडा दिवा विझलेला होता. तो त्या त्या माणसाला बोलायची पाळी आली की लागतो. तिने मनाशी हिशेब मांडून पाहिला, जसा ती प्रयोगाआधी मांडायची. बसून राहिले, तर छापील खोटं तसंच राहील आणि त्याच्या आडोशाने आज संध्याकाळी यंत्रं चालतील, उद्याही चालतील. उभी राहिले, तर कुलूप. इतकं स्वच्छ होतं. पण प्रत्येक वेळी हिशेबाच्या शेवटच्या ओळीवर आली की तिला ती चादर दिसायची. चादर तिने पाहिली नव्हती, मास्तराने सांगितली तेवढीच होती. तरी तिला तिचा रंग माहीत होता, कडेकडेने पसरत जाणारी ओल माहीत होती, आणि पांघरुणाखाली काय चाललंय हे ठाऊक नसलेली ती विक्रेती, बहुधा डोळे मिटून पावलांना आराम देत पडलेली. त्या दिवशी वन्संने पाहिलं. वन्सं सकाळपासून उभी असते. कधीतरी वन्संचं लक्ष दुसऱ्या पलंगाकडे असेल. कुणी सांगावं, बसून राहण्याने ती माणसं वाचवली जात होती, की फक्त आज वाचवली जात होती? या प्रश्नाला छापील उत्तर नव्हतं. तिने पेपरमिंट दाताखाली फोडलं. आणि ठरवलं, की बसायचं. वन्सं तिथे रोज उभी असते, तिला कळतं. आपण खुर्चीत बसून आलोय दोनचारदा.

अध्यक्षांनी तिचा नंबर पुकारला. तिने हात मांडीवर ठेवले.  अध्यक्षांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं, ती समोर दिसत होतीच, आणि दुसऱ्यांदा पुकारला. आजोबा समजूतदारपणे खोकले. क्षण लांबत गेला आणि मग पुढचा नंबर यायच्या बेतात होता, तेवढ्यात पलीकडच्या बाजूने एक हात वर झाला. हा नव्याने आलेला तरुण सदस्य. त्याला सगळे तोफ म्हणत, कारण तो कशावरही उडायचा. तो म्हणाला, माननीय सदस्या विचारू इच्छित नसतील तर मी विचारतो. तशी प्रथा होती. प्रश्न एकदा छापला की तो लिहिणाऱ्याचा राहत नाही, सभागृहाचा होतो. हे तिला माहीत होतं. इतकं माहीत होतं की आठवलंच नव्हतं.

अध्यक्ष हो म्हणाले. तोफेला त्या पाळीची काही माहिती नव्हती, पण पाळी नाही म्हटल्यावर ती असणार एवढी हुशारी त्याच्याकडे होती. तो म्हणाला, पाळी नाही तर प्रश्न आला कुठून? कुणीतरी संध्याकाळी सरकारी यंत्रं वापरत आहे काय? औषधं कुणाची, वीज कुणाची, पैसे कोण खातंय? संबंधितांवर गुन्हा दाखल करणार काय? त्याच्या बाजूच्या सदस्यांनी बाकं वाजवली. मंत्री उठले. त्यांनी अधिकाऱ्यांच्या सज्जाकडे पाहिलं. तिथे तिघेचौघे खाली वाकून लिहीत होते. एक चिठ्ठी निघाली आणि एका हातातून दुसऱ्या हातात, पायऱ्या उतरत, शिपायाच्या मुठीतून मंत्र्यांच्या मेजाकडे येऊ लागली. तिची नजर त्या चिठ्ठीवर खिळून राहिली. इतका लहान कागद. त्याच्यावर काय असणार हे तिला शब्दाशब्दाने ठाऊक होतं. मंत्र्यांनी घडी उलगडली आणि वाचायला सुरुवात केली, की असा काही अनधिकृत प्रकार चालू असल्यास तो तात्काळ बंद करून…

ती उभी होती. केव्हा उठली ते तिला कळलं नव्हतं. तांबडा दिवा लागला.

“अध्यक्ष महाराज, ती पाळी आहे. मी तिथे बसले आहे. ती चालवणारी सिस्टर माझी नणंद आहे, हे मीच सांगते, म्हणजे नंतर कुणाला शोधत बसायला नको.”

हशा झाला. तोफेचं तोंड उघडं राहिलं होतं. ती हशा संपायची वाट पाहत थांबली. प्रयोगशाळेत द्रव स्थिर होईपर्यंत थांबतात तशी.

“तिने पैसे घेतलेले नाहीत. मंजुरीही घेतलेली नाही. मंत्रिमहोदयांनी चौकशी जरूर करावी. मी फक्त एक विचारते. चौकशी चालू असताना यंत्रं चालू राहतील की बंद?”

मंत्र्यांनी हातातली चिठ्ठी पाहिली. तिच्यात हे नव्हतं. त्यांनी सज्जाकडे पाहिलं. तिथे लिहिणारे हात थांबले होते. कुणी खाली पाहिलं, कुणी चष्मा काढला.  मंत्री वयाने तिच्याएवढेच होते, दमेकरी होते. त्यांनी श्वास घेतलेला ध्वनिवर्धकातून सगळ्यांना ऐकू आला.

“यंत्रं बंद ठेवण्याचा शासनाचा विचार नाही,” ते म्हणाले.

“आणि डॉक्टर?”

“ते तपासून घेऊ.”

पुढचा नंबर पुकारला गेला. ती बसली. आजोबांनी डबी परत पुढे केली नाही. बऱ्याच वेळाने ते समोर बघतच म्हणाले, मला चार वेळा गुडघा होता बाई, तुला एकदाही धरता आला नाही. त्यात कौतुक किती आणि कीव किती हे तिला उमगलं नाही. तिला एवढंच कळत होतं, की वन्संने जे एकच मागितलं होतं, ते आपण दिलं नाही. आधी द्यायचं ठरवलं आणि मग दिलं नाही, हे तर आणखी वाईट.

दिवसभर वन्संचा फोन लागला नाही. नवऱ्याचा लागला. त्याला बातमी कळली होती. त्याने नेहमीसारखी चेष्टा केली नाही. म्हणाला, तिला अधीक्षकांनी उद्यापासून रजेवर जायला सांगितलंय, चौकशी होईपर्यंत. मग थोडं थांबून, तू जाऊन ये, मी येत नाही, मी आलो की तुम्ही दोघी माझ्याशी बोलत बसाल.

संध्याकाळी ती रुग्णालयात गेली तेव्हा मधले दिवे बंद होते आणि भिंतीकडचे चालू होते. सगळे पलंग भरलेले होते. ती दाराशी थांबली. वन्संबरोबर दिवसपाळीतली एक सिस्टर होती, कपाळाला आठ्या, हातात पेन नाही, वही नाही. वन्सं तिला पलंगापलंगापाशी नेऊन सांगत होती. याचा डावा हात, पण कोपराजवळ नाही. हिचा रक्तदाब तिसऱ्या तासाला पडतो, ती सांगत नाही, तिच्या पायांकडे बघायचं, ती बोटं हलवायची थांबते. मास्तर पेपर तपासत असला तर ठीक आहे समज. पेपर खाली ठेवला की धावायचं. दिवसपाळीवाली म्हणाली, एवढं सगळं मी कसं लक्षात ठेवू? वन्सं म्हणाली, मग विचार. पुन्हा पुन्हा विचार.

भावजय दाराशी उभी आहे हे वन्संने पाहिलं होतं. तिने पाहिलं नसल्यासारखं केलं नाही, आणि ये असंही म्हटलं नाही. मास्तराने पेपरावरून मान वर केली आणि परत खाली घातली. विक्रेती झोपली होती, किंवा तसं दाखवत होती. बसचालकाची वेळ संपत आली होती. त्याने ओळखीचं हसू आणलं आणि मग ते कुठे ठेवावं हे न कळून पुसून टाकलं. यंत्रांचा एकसुरी आवाज चालू होता. तिच्या मनात दिवसभर जुळवलेली वाक्यं होती. मी बसून राहिले होते, वन्सं. मी बसलेच होते. आता इथे, त्या आवाजात, ती वाक्यं कुणीतरी दुसऱ्याने छापून दिल्यासारखी वाटली.

“हात धू,” वन्सं म्हणाली.

तिने कोपऱ्यातल्या नळाशी हात धुतले, कोपरापर्यंत, बोटांच्या बेचक्यांसकट. वन्संने तिच्या हातात मोजे कोंबले. मग बसचालकाच्या दंडापाशी वाकून तिने चिकटपट्टी सोडवली, सुई सरळ रेषेत मागे ओढून घेतली आणि त्याच क्षणी भावजयीचं मनगट धरून तिची दोन बोटं कापसाच्या घडीवर आणून ठेवली.

“इथे. फार जोरात नाही. खालच्या शिरेचं थरथरणं बंद पडता कामा नये. मी सांगेपर्यंत सोडायचं नाही.”

घडीखाली, कातडीच्या आत, काहीतरी थरथरत वाहत होतं, मांजराच्या गळ्यात घुरघुर असते तसं. इतकं स्पष्ट, की तिला बोट उचलावंसं वाटलं. तिने उचललं नाही. थोडं जास्त दाबलं की ते मंद व्हायचं, थोडं सैल केलं की घडीच्या कडेला तांबूस छटा दिसायची. मधे कुठेतरी योग्य दाब होता आणि तो तिला सतत शोधत राहावा लागत होता. चालकाने डोळे मिटले. वन्सं दुसऱ्या पलंगाकडे गेली, दिवसपाळीवालीला काहीतरी दाखवू लागली. वेळ बराच झाला. रक्त एव्हाना थांबलं असावं असं तिला वाटलं. विचारायला तिने तोंड उघडलं आणि मिटलं. वन्सं अजून काही म्हणाली नव्हती. ती तशीच वाकून दाबून उभी राहिली.